चांगला मोठा दगड

राळेगाव, जि. यवतमाळ

प्रिय ताई,



'इन अ व्हेरी ओल्ड टेम्पल' यातलं 'व्हेरी' क्रियाविशेषण आहे असं सांगितलं की तुझी नववीतली मुलं विचारतात, मग क्रिया कुठं आहे? मुलांचं चुकलेलं नाही. या शब्दसमूहात क्रिया नाहीच. शब्दांच्या आठ जाती आपल्या शाळेत आल्या त्या इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्यासमोर तोच नमुना होता. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त आधीच्या व्याकरणकारांची कसून झडती घेतली, तरी शाळेतल्या फळ्यावर आठ जाती राहिल्याच. त्या राहोत. माझं म्हणणं एवढंच आहे की विशेषणाला लागणारा शब्द कोणाचं काम करतो हे त्याच्या जातीच्या नावावरून ठरत नाही, रूपावरून ठरत नाही, आणि तो कोणाशेजारी बसला आहे यावरूनही ठरत नाही. तो काढला किंवा हलवला तर काय बिघडतं, यावरून ठरतं. ही कसोटी मुलांना मराठीतून आधी कळते आणि इंग्रजीत मग आपोआप लागू करता येते.

रूपापासून सुरुवात करतो, कारण मराठी माणूस तिथंच फसतो. 'चांगला मोठा दगड डोक्यात पडला' या वाक्यातल्या दगडात चांगलं काहीही नाही. इथं 'चांगला' मोठेपणाचं माप सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं करतो. पण अंगावर कपडे विशेषणाचेच: चांगला मोठा दगड, चांगली मोठी विहीर, चांगलं मोठं वावर. शब्दयोगी अव्यय किंवा विभक्तीचा प्रत्यय लागला की सामान्यरूपही निमूट घेतो: चांगल्या मोठ्या दगडाखाली, चांगल्या मोठ्या विहिरीत. 'बराच', 'केवढा', 'इतका', 'भला' यांचं असंच. उलट 'फार', 'खूप', 'अतिशय' आणि आपल्या वऱ्हाडीतलं 'लय' हे ढिम्म हलत नाहीत. लय मोठं वावर, लय मोठ्या वावरात. एकाच कामाला दोन प्रकारचे नोकर, एक मालकाच्या नामाप्रमाणे बदलणारा आणि एक न बदलणारा. रूपावर विसंबणाऱ्याने 'चांगला' नामाचा आणि 'फार' विशेषणाचा असं ठरवलं तर दगड चांगला ठरेल. इंग्रजीलाही ही खोड आहे बरं का. 'आफ्टर अ गुड लाँग वॉक' यातलं 'गुड' फिरण्याला चांगलं म्हणत नाही, ते लांबीलाच चिकटलेलं आहे, आणि त्याच्या शेवटी 'ली' नसलं तरी त्याचं काही अडत नाही.

आता कसोटी. 'इन अ न्यूली बिल्ट स्कूल' यातला 'बिल्ट' खोड. 'इन अ न्यूली स्कूल' असं काहीतरी उरतं, जे कोणी बोलत नाही. मग 'न्यूली' खोड आणि 'बिल्ट' ठेव. 'इन अ बिल्ट स्कूल' थोडं पोरकं वाटतं, पण व्याकरण मोडत नाही. म्हणजे 'न्यूली' उभं आहे ते 'बिल्ट'च्या आधारावर, शाळेच्या नाही, आणि 'इन'च्या तर मुळीच नाही. मराठीत 'फार मोठ्या गावात' यातला 'मोठ्या' काढला तर 'फार गावात' उरतं आणि कानाला खुपतं. इथवर दोन्ही भाषा सारख्या.

शेजार किती फसवतो ते 'अ' आणि 'ॲन' दाखवतात. 'ॲन ओल्ड टेम्पल' बरोबर, पण मध्ये 'व्हेरी' आलं की 'अ व्हेरी ओल्ड टेम्पल'. 'अ रेनी डे' म्हणतात, आणि 'ॲन अनयूज्वली रेनी डे'. उपपद देवळाचं आणि दिवसाचं, पण त्याचा उच्चार ठरवतो मध्ये शिरलेला शब्द, ज्याचा उपपदाशी अर्थाच्या दृष्टीने काडीचाही संबंध नाही. मुलांना हा नियम नुसता पाठ करायला लावण्यापेक्षा त्यातली गंमत दाखव: जीभ शेजाऱ्याचं ऐकते, अर्थ धन्याचं ऐकतो.

तुझ्या वर्गातला एखादा चौकस मुलगा यावर हरकत घेईल. क्रियाविशेषण उपपदाच्या नंतर बसतं म्हणता, मग 'ऑन टू हॉट अ डे' हे कसं? इथं तर 'टू' उपपदाच्या आधी आहे. हरकत चांगली आहे, आणि माझ्या मते सगळ्यात बळकट पुरावा याच उदाहरणात आहे. 'टू' एकटं पुढं गेलेलं नाही, 'हॉट'ला सोबत घेऊन गेलं आहे. 'सो', 'हाऊ', 'ॲज' यांचंही तसंच. 'ऑन टू अ हॉट डे' असं कोणी इंग्रज बोलणार नाही. जागा बदलताना जे शब्द हात सोडत नाहीत ते एका घरचे, हे यावरून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही व्याख्येने दिसत नाही.

दोन्ही भाषांची वाट मात्र एका ठिकाणी फुटते, आणि तुझ्या मुलांच्या चुकांचं मूळ मला तिथं दिसतं. 'तो जवळजवळ रिकाम्या विहिरीत पडला.' याचा अर्थ काय? पडता पडता वाचला, की विहिरीत पाणी थोडंच होतं? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. इंग्रजीत 'ऑलमोस्ट' 'इनटू'च्या आधी असेल तर एक अर्थ आणि 'ॲन'च्या नंतर असेल तर दुसरा: 'इनटू ॲन ऑलमोस्ट एम्प्टी वेल'. कारण साधं आहे. आपला 'त', 'खाली', 'पर्यंत' हा शब्दसमूहाच्या उजव्या टोकाला असतो, इंग्रजीचं शब्दयोगी अव्यय डाव्या टोकाला. आपल्या शब्दसमूहाला धुरा, म्हणजे बांध, आहे तो उजवीकडे. डावीकडून कोणीही वावरात शिरावं. इंग्रजीत डावा धुरा पक्का आहे, त्याच्या आत जे आलं ते आतल्यांपैकीच कोणाचं तरी. म्हणून मराठी मूल 'व्हेरी' कुठंही टाकून मोकळं होतं आणि आपण लाल शाई काढतो. त्याला कोणी धुरा दाखवलेला नसतो.

धुऱ्याच्या आतही भांडण होऊ शकतं, हे लपवू नकोस. 'विथ मोअर एक्स्पीरियन्स्ड टीचर्स' म्हणजे अनुभवी शिक्षक संख्येने जास्त, की शिक्षकांचा अनुभव जास्त? इंग्रजी सांगत नाही. मराठी 'अधिक अनुभवी शिक्षकांसह' तेही सांगत नाही, आणि 'बऱ्याच मोठ्या गावांत' याचेही दोन अर्थ होतात. वचन बदललं की गोंधळ संपतो: 'अधिक अनुभवी शिक्षकासह', 'बऱ्याच मोठ्या गावात'. एकाच शिक्षकात संख्या वाढवायची सोय नाही, म्हणून शब्द विशेषणाकडे जातो. वेगवेगळ्या वळणाने वाढलेल्या दोन भाषा एकाच जागी, एकाच कारणाने अडतात आणि एकाच उपायाने सुटतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तू म्हणशील, व्याकरणाचा एवढा कीस कशाला? २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलांनी ऐकावं, बोलावं, व्याकरण मागून येईल. ज्या मुलाच्या कानावर रोज इंग्रजी पडते त्याच्यापुरतं हे खरं आहे. आपल्या तालुक्यात, कपाशीच्या या पट्ट्यात, बऱ्याच मुलांना इंग्रजी भेटते ती पुस्तकात आणि फळ्यावर. कान तयार व्हायला जे वर्षानुवर्षं लागतं ते त्यांना मिळालेलं नसताना 'कानाला बरं वाटतं का बघ' असं सांगणं म्हणजे त्यांची थट्टा आहे. त्यांना हातात धरता येईल अशी कसोटी हवी, आणि खोडून पाहण्याला पेन्सिल पुरते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या मराठीला बाहेर बसवून नाही, दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे, आणि ती तुझी नसून माझीच आहे. आपल्याकडच्या सगळ्या मुलांची घरची भाषा मराठी नाही. राळेगाव, केळापूर, मारेगावकडे कोलाम आणि गोंड पाड्यांवर कोलामी आणि गोंडी बोलतात. या द्रविड कुळातल्या भाषा. वर्धेकडच्या कोलामीचा मोठा अभ्यास एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये ग्रंथरूपाने छापला. द्रविड भाषांत नामाआधी येणारं विशेषण नामाचं लिंग-वचन पाहून सहसा बदलत नाही. म्हणजे 'चांगला मोठा, चांगली मोठी, चांगल्या मोठ्या' हा आपला सोहळा कोलाम मुलाला परका, आणि इंग्रजीचं न बदलणारं विशेषण त्या बाबतीत घरच्यासारखं. मराठीतून शिकव म्हणताना या मुलाला आपण दोन पायऱ्या चढायला लावतो, हे मान्य करायलाच हवं. पण कसोटी त्यामुळे बाद होत नाही. काढून पाहणं, हलवून पाहणं याला मराठी लागत नाही. त्या मुलाला त्याच्या भाषेतला शब्दसमूह फळ्यावर लिहू दे आणि त्यातलं एकेक पद त्यालाच खोडू दे. तुला कोलामी येत नाही ही अडचण आहे, पण त्या तासापुरता मास्तर तोच होईल, याची मला तरी काही हरकत दिसत नाही.

एक विनंती करून थांबतो. पुढच्या चाचणीत क्रियाविशेषणाखाली रेघ मारा असला प्रश्न घालू नकोस. 'विथ मोअर एक्स्पीरियन्स्ड टीचर्स' याचा मराठीत अर्थ लिहायला सांग. ज्याने एक अर्थ लिहिला त्याला अर्धे गुण दे, दोन्ही लिहिले त्याला पूर्ण.

तुझा धाकटा भाऊ