सशाला शिंग फुटते तेव्हा

मागच्या महिन्यात आईबरोबर दवाखान्यात आलेला नववीतला एक मुलगा मोबाईलवर खेळत बसला होता. पडद्यावर पांढरा ससा, कपाळावर लांब शिंग, आणि तो शिपायाच्या अंगावर धावून जात होता. "डॉक्टर, असा ससा खरंच असतो का?" मी "शिंगांचा ससा असतो" म्हणालो, तर त्याची आईच दचकली.

आपल्याकडे 'सशाचे शिंग' म्हणजे कधीच न सापडणारी वस्तू. भर्तृहरीच्या नीतिशतकातही ते याच अर्थाने येते. अरबी दंतकथांतला एकशिंगी ससा 'अल-मिराज' पुढे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात राक्षस झाला. पण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना डोक्यावर आणि तोंडाभोवती काळी शिंगे असलेले ससे खरोखर दिसत. ते राक्षस नव्हते, आजारी होते. तोंडाजवळची शिंगे वाढली की त्यांना खाताही येत नसे.

१९३३ मध्ये रिचर्ड शोप या डॉक्टरांनी याचे कारण शोधले. त्यांनी ती शिंगे कुटून, जीवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून रस गाळला आणि निरोगी सशांच्या खरवडलेल्या कातडीला लावला. त्यांनाही शिंगे फुटली. म्हणजे कारण विषाणू होते: पॅपिलोमा विषाणू. तो कातडीच्या पेशींना बेसुमार वाढायला लावतो. पुढे पेटन राऊस यांनी दाखवले की अशा गाठींचा कर्करोगही होतो.

सशाचा हा विषाणू माणसाला होत नाही. धानाच्या बांधीतल्या सशाला घाबरू नका. पण माणसाचे स्वतःचे पॅपिलोमा विषाणू आहेत, त्यांना एचपीव्ही म्हणतात. हातापायावरची साधी चामखीळ त्यांच्यामुळेच येते. त्यातल्या १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांमुळे गर्भाशयाच्या मुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात. हा शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले.

फरक एवढाच की सशाचे शिंग दुरून दिसते, बाईच्या आतला बदल दिसत नाही आणि दुखतही नाही. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकतो, त्यांच्यापैकी काहींना दहा-पंधरा वर्षांनी कर्करोग होतो. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना तो होतो.

इतकी वर्षे हातात असतात, म्हणूनच तपासणीला अर्थ आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १ लाख ३१ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. त्या बायकाही आपल्यासारख्याच खेड्यांतल्या होत्या.

कामठ्यात माझ्याकडे येणाऱ्या बायका म्हणतात, "डॉक्टरसाहेब, रोवणी आटपू द्या, मग पाहू." अंगावरून पांढरे जाणे तर त्या सांगतच नाहीत. म्हणून स्पष्ट लिहितो:

• पाळी बंद झाल्यावर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, घाण वासाचे पाणी जात असेल, तर थांबू नका.
• तिशीनंतर काही त्रास नसला तरी तपासणी करून घ्या. काही मिनिटांचे काम आहे.
• मुलींना ९ ते १४ वयात लस द्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' २०२३ पासून मिळते. लस झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती लवकर द्यायची. लस घेतली तरी पुढे तपासणी हवीच.

आणखी एक. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, पण तो इतका सर्रास आढळतो की एकाच जोडीदाराबरोबर राहिलेल्या बाईलाही होऊ शकतो. तो कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. सासूबाईंनी सुनेला आणि सुनेने सासूबाईंना सोबत घेऊन यावे.