रमाबाईंचं केडगाव

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे निघालं आणि पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका सुरू होतो. दुतर्फा ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर. पुढच्या चौफुल्याची कला केंद्रं सगळ्यांना ठाऊक असतात. पण अलीकडच्या केडगावात मराठीतल्या एका थोर लेखिकेचं शेत होतं, हे फार थोडे सांगतात. गावात ‘मिशन’ कुठे म्हणून विचारलं की कुणीही हात करून वाट दाखवतं. ‘पंडिता रमाबाईंचं घर कुठे’ असं विचारणारा वाचक मात्र क्वचितच येत असावा.

हे मिशन आधी शेतच होतं. रमाबाईंनी विधवांसाठी १८८९ साली मुंबईत सुरू केलेलं शारदासदन पुढे पुण्यात आलं. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदतीचा शब्द दिला होता. त्यानंतरही सदन स्वतःच्या पायावर उभं राहावं, म्हणून बाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. तेवढ्यात १८९६-९७चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेग होता. शहरात एवढ्या मुली ठेवणं अशक्य झालं, तेव्हा त्या या शेतावर आल्या. १८९८मध्ये मुक्तिसदन उभं राहिलं; गावात ‘मिशन’ म्हणतात ते हेच. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

बाईंना त्या मुलींची भूक कुणी समजावून सांगायला नको होती. १८७४ साली त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेले होते. भाऊ श्रीनिवासबरोबर त्यांनी अनवाणी, अर्धपोटी देश पालथा घातला होता. या आवारात फिरताना मला ग्रंथांच्या आधी हेच आठवत राहतं.

पण ग्रंथही इथेच घडत होते, आणि केडगाव मला मोलाचं वाटतं ते त्यामुळे. कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, त्या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला बसल्या. संस्कृत जिभेवर असूनही त्यांनी मुद्दाम साधी मराठी निवडली, कारण वाचणारी बाई खेड्यातली असणार होती. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही सारी कामं सदनातल्या मुली करत. उपासमारीतून वाचलेल्या पोरींनी हिब्रू-ग्रीकचे खिळे जुळवावेत! आपल्या मुद्रणाच्या इतिहासात हे पान ठळक अक्षरांत असायला हवं होतं. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई इथेच गेल्या. त्याआधी काही महिने त्यांची मुलगी मनोरमा गेली होती. पूर्ण बायबल बाहेर आलं ते १९२४मध्ये.

बाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याविषयी आपण शंभर वर्षांहून अधिक काळ बोलतो आहोत. सदनातल्या मुलींना ख्रिस्ती वळण लावलं जातं, या आरोपावरून १८९३मध्ये झालेल्या वादात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, हेही अभ्यासू माणसं सांगतात. वाद खरा होता, त्याची चर्चा व्हावीच. पण त्या वादापायी आपण एक गद्यलेखिका हातची घालवली. मालगुंडला केशवसुतांचं घर बघायला मराठी माणूस आवर्जून जातो. केडगाव मात्र आपण मिशनवर सोपवून मोकळे झालो. ही आपली मोठी चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मिशनने बाईंच्या आठवणी आणि त्यांचं काम, दोन्ही निष्ठेने जपलं. त्यांचं लेखन जपण्याचं काम वाचकांचं होतं.

जायचं असेल तर पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन आहे. मिशनमध्ये आजही मुली आणि स्त्रिया राहतात, तेव्हा आधी कळवून, परवानगी घेऊनच जा. आणि निघण्यापूर्वी बाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे १८८९चं पुस्तक वाचनालयातून मिळवून वाचा.