बावीस पाने

"सगळे लिहून आणा, मॅडम. तारखांसकट," असे वकिलांनी सांगितले, तेव्हा त्या सांगण्यात मला काही वावगे वाटले नाही. घटस्फोट हवा तर कारण हवे, आणि कारण कायद्याला ओळखू येईल अशा शब्दांत मांडलेले हवे. हिंदू विवाह कायद्यात 'क्रूरता' हा त्यांपैकी सर्वांत प्रशस्त शब्द. मी तीन रात्री बसून बावीस पाने लिहिली.

वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. लिहिणे मला जड गेले नाही. जड गेले ते चौथ्या दिवशी वाचणे. त्यातला एकही प्रसंग खोटा नव्हता, पण त्या बावीस पानांतला माणूस मात्र मी रचलेला होता. माझे वडील शेवटच्या आजारात अकरा रात्री रुग्णालयात होते आणि त्यांच्या उशाशी हाच माणूस बसून होता, हे त्यात कुठेच नव्हते. येण्याचे कारणही नव्हते. निवेदनतंत्राविषयी विद्यार्थ्यांना आपण जे सांगतो, की काय गाळले यावर कथेचे सत्य ठरते, ते इतके अंगावर येईल असे कधी वाटले नव्हते. वकिलांनी त्या पानांची नऊ पाने केली, भाषा अधिक धारदार केली, आणि २०१८ च्या जानेवारीत अर्ज दाखल झाला. अर्जाचे अठ्ठावीस हजार, पुढे प्रत्येक तारखेचे दीड हजार. "साधारण किती वर्षे?" या माझ्या प्रश्नाला त्यांनी प्रामाणिकपणे "सांगता येत नाही" असे उत्तर दिले.

येथे एक गोष्ट नोंदवते, कारण मला ती उशिरा कळली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी बहुधा न्यायालयाच्या आवारातच असते. तिच्या दारावरून मी चार वेळा गेले होते. पाटी वाचून, ती आपल्यासाठी नाही असे गृहीत धरून.

दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी आम्हांला समुपदेशकांकडे आणि तेथून मध्यस्थीसाठी पाठवले. कौटुंबिक न्यायालयांचा १९८४ चा कायदा न्यायालयावर निवाड्याआधी तडजोडीचा प्रयत्न करण्याचे कर्तव्यच टाकतो. शिवाय वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले आहे. मला हे ठाऊक नव्हते. 'मध्यस्थी' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आली ती आमच्या घरातली बैठक: दोन मामा, एक चुलते, चहाचे कप, आणि "तू थोडे नमते घे" हा बैठक बसण्यापूर्वीच ठरलेला निकाल.

प्रत्यक्षात एका लहान खोलीत एक ज्येष्ठ वकीलबाई होत्या. त्यांनी आधी तीन गोष्टी सांगितल्या. या खोलीत बोललेले न्यायालयात पुरावा म्हणून येणार नाही. त्या स्वतः कोणताही निर्णय देणार नाहीत. आणि याचे शुल्क नाही. मग त्यांनी आमचा अर्ज बाजूला ठेवला आणि विचारले, "पुढच्या जूनमध्ये मुलगी कोणत्या शाळेत असेल?"

नऊ पानांत भविष्यकाळी क्रियापद जवळजवळ नव्हतेच. आम्हां दोघांनाही उत्तर देता आले नाही.

पाच बैठका झाल्या. त्यांतल्या साडेतीन तरी पैशांवर, घराच्या हप्त्यांवर आणि मुलीच्या सुट्ट्यांवर गेल्या, त्यांत सांगण्यासारखे काही नाही. दोनदा आवाज चढले. मोल्सवर्थच्या कोशावरून अर्धा तास वाद झाला, हे विद्यार्थ्यांना कळले तर ते हसतील. (तो त्याच्याकडे गेला. मला दिवाळी अंक मिळाले.) तिसऱ्या बैठकीनंतर बाहेरच्या बाकावर तो म्हणाला, "तू लिहिलेस त्यात खोटे काही नाही. पण मी एवढाच होतो का?" मी उत्तर दिले नाही. त्यानंतर त्याच्या वकिलांचे प्रत्युत्तर मात्र दाखल झाले नाही. त्यात मी कशी दिसले असते हे मला कधीच कळणार नाही, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

वर्गात मी रखमाबाईंचा खटला शिकवते. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने, १८८७ मध्ये विरुद्ध: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. एवढे सांगून आपण थांबतो. खटला संपला मात्र १८८८ मध्ये, न्यायालयाबाहेर, दादाजींना दोन हजार रुपये देऊन. तडजोडीने त्यांचा तुरुंग टळला. कायदा जिथल्या तिथे राहिला. तडजोडीची ही दुसरी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. माझ्या एका मावसबहिणीला नवरा मारत असे. तिला मध्यस्थाच्या खोलीत त्याच्या समोर बसवणे म्हणजे तिला पुन्हा त्याच घरात बसवणे झाले असते. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आदेशच हवा होता, आणि न्यायालयानेच तो दिला. ज्याची भीती वाटते त्याच्याशी वाटाघाट होत नाही. आम्हांला एकमेकांचा फक्त कंटाळा आणि राग होता. मध्यस्थी परवडली ती त्यामुळेही.

तडजोडपत्रावर सह्या झाल्या, माझा अर्ज मागे घेतला, आणि कलम १३-ब खाली आम्ही संयुक्त अर्ज केला. एकाच वकिलाने दोघांसाठी तो बारा हजारांत तयार केला. त्या कलमात वर्षभर वेगळे राहिलेले असणे आणि अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबणे आहे. ही सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. पण त्या निकालाप्रमाणे त्यासाठी आधीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असावे लागत होते. आम्हांला चौदाच महिने झाले होते. थांबलो.

सहा महिन्यांनी न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळे विचारले, "संमती कायम आहे?" आम्ही "हो" म्हणालो. चार मिनिटे लागली असतील. पूर्वी काही जातींत गवताची काडी मोडून लग्न मोडत, त्यावरून आपल्या भाषेत 'काडीमोड' आला. त्यालाही बहुधा एवढाच वेळ लागत असावा.

संध्याकाळी आईला हुकूमनाम्याची प्रत दाखवली. ती चष्मा लावून, शेवटपर्यंत, शिक्क्यासकट वाचत राहिली.

"यात चूक कोणाची ते लिहिलेले नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग लोकांना सांगायचे काय?"

बावीस पाने तेव्हाही माझ्या टेबलाच्या खणात होती. ती तिला दिली असती तर तिचे समाधान झाले असते. मी उठून चहा टाकला.