काठावर पास

शिकवण्यासारखे सोपे काम जगात दुसरे नाही, असे पहिली सात वर्षे माझे प्रामाणिक मत होते. घंटा झाली की वर्गात जायचे, हजेरी घ्यायची, खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत बोलायला लागायचे आणि पुढची घंटा झाली की थांबायचे. मधल्या पंचेचाळीस मिनिटांत कोणी मध्येच तोंड घालत नाही. ही सोय घरी नाही.

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवीत होतो. नोट्स पहिल्याच वर्षी काढून ठेवल्या होत्या. दर उन्हाळ्यात त्या गच्चीवर ऊन दाखवून, कसर झटकून, फाटक्या कडा डिंकाने चिकटवल्या की पुढच्या वर्षाची तयारी पूर्ण. गच्चीच्या एका कडेला आईच्या कुरडया वाळत असत आणि दुसऱ्या कडेला माझे अर्थशास्त्र. दोन्ही वर्षभर पुरे. फरक एवढाच, की कुरडया तळल्यावर फुलत.

असे सगळे सुरळीत चालले असताना 1991 साली प्राचार्यांनी मला खोलीत बोलावले.

"तुमची सीनियर स्केलची केस वर पाठवायचीय. पण एक कागद कमी पडतोय."

"कसला सर?"

"शिकवायला शिकल्याचा."

गोष्ट खरी होती. प्राथमिक शाळेच्या गुरुजींना डी.एड. लागे, हायस्कूलच्या मास्तरांना बी.एड. लागे. प्राध्यापकाला मात्र एम.ए.ची पदवी मिळाली की तो उपजत शिकवू शकतो, असे आपल्याकडे धरून चालत. पोहण्यावरचे पुस्तक पाठ झाले की विहिरीत ढकलावे, तसे आम्हाला वर्गात ढकलले होते. कोणी हातपाय मारून वर आले, कोणी काठ धरून राहिले. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या वेळी ही गोष्ट दिल्लीतही कोणाच्या तरी ध्यानात आली आणि पुढच्या वर्षापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ठिकठिकाणी 'अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे' काढली. म्हणजे कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी कॉलेज! अशाच एका ठिकाणी चार आठवड्यांच्या उद्बोधन वर्गाला मला जायचे होते.

घरी ही बातमी सांगताना मी 'शिकायला' हा शब्द शक्यतो टाळला. पण बायकोने नेमके त्याच्यावरच बोट ठेवले.

"अहो, म्हणजे आतापर्यंत तुम्ही न शिकताच शिकवत होतात?"

"तसं नाही गं. हे आपलं सरकारी..."

"तरीच पोरं गप्प बसतात."

आईला मात्र यात काही विनोदी वाटले नाही. तिने हातावर दही ठेवले आणि विचारले, "शेवटी परीक्षा असते का रे? असली तर लिहून झाल्यावर पेपर एकदा वाचून बघ. तू लहानपणापासून घाई करतोस." छत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला मी, लाडवांचा डबा काखेत मारून एस.टी.त चढलो तेव्हा मला अगदी बोर्डिंगात घातल्यासारखे वाटत होते.

वर्गात आम्ही चाळीस प्राध्यापक होतो. कोणी भूगोलाचे, कोणी प्राणिशास्त्राचे, कोणी संस्कृतचे. प्राध्यापकाचा विद्यार्थी व्हायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून पाहिले आहे: अर्धा दिवस. सकाळी सगळे एकमेकांना वाकून 'सर, सर' करीत होते. दुपारी मागच्या बाकांसाठी रेटारेटी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी एक इतिहासाचे गृहस्थ दुसऱ्या इतिहासाच्या गृहस्थांची सही करताना सापडले. आपल्या कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरीसाठी पोरांना रडवणारे एक उपप्राचार्य सिनेमाला जाण्यासाठी पोटदुखीचे निमित्त सांगून गेले. आणि कोणीही काहीही शिकवू लागले, की हमखास एक हात वर होई: "सर, याच्यावर टेस्टमध्ये प्रश्न आहे का?"

पहिले व्याख्यान एका मोठ्या तज्ज्ञांचे होते. विषय: 'व्याख्यानपद्धतीची कालबाह्यता'. ते यावर दोन तास व्याख्यान देत होते. विद्यार्थ्याला बोलते केले पाहिजे, हे त्यांनी इतक्या परोपरीने सांगितले, की आम्हाला बोलायला वेळच उरला नाही. त्यांच्याजवळचे कागद माझ्या नोट्सइतकेच पिवळे पाहून मला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटला. मग ओव्हरहेड प्रोजेक्टर लागला. त्यावर ब्लूमसाहेबांनी 1956 साली मांडलेली शिक्षणाच्या उद्दिष्टांची उतरंड होती. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि सगळ्यात वर मूल्यमापन. काच चुकून उलटी ठेवली गेली होती. दहा मिनिटे मूल्यमापन तळाशी आणि ज्ञान शेंड्यावर होते. चाळीसांपैकी चाळीस जणांनी ते तसेच वहीत उतरून घेतले. नाहीतरी मेसच्या आमटीबाबत आमची सुरुवात मूल्यमापनापासूनच होत होती.

माझे खोलीसोबती बुलढाण्याकडचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. गृहस्थ उमदा. घरचा ठेचा त्यांनी पहिल्याच रात्री माझ्यापुढे ठेवला. घोरण्याबाबतही त्यांनी हात आखडता घेतला नाही. "आपल्याला काय, सही करायची, सर्टिफिकेट घ्यायचं अन्‌ गाडी धरायची," असे ते म्हणत. माझेही धोरण तेच होते. ते दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकले.

दुसऱ्या आठवड्यात 'सूक्ष्म अध्यापन' आले. हा प्रकार 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाला. त्याची आपल्याकडची रीत अशी: सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे ऐकणाऱ्यांनी चुका सांगायच्या, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, पुन्हा सहा मिनिटे शिकवायचा आणि पुन्हा सहा मिनिटे बोलणी खायची. छत्तीस मिनिटांत खेळ खलास. दर खेपेला कौशल्य एकच. माझ्या वाट्याला 'प्रश्न विचारणे' आले. सहा मिनिटे ऐकून मी मनात हसलो होतो. सहा मिनिटांत माझी हजेरीसुद्धा होत नाही.

पाठ ठरवला 'घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त'. हा मी झोपेतही शिकवू शकतो. भुकेल्या माणसाला पहिली भाकरी अमृतासारखी, दुसरी बरी, तिसरी ठीक आणि चौथी नको. प्रत्येक जादा भाकरीमुळे समाधानात पडणारी भर, ती सीमान्त उपयोगिता. समोर रसायन, संस्कृत, भूगोल विद्यार्थी होऊन बसले होते. कोपऱ्यात व्हिडिओ कॅमेरा होता. मी सुरू झालो तो सहा मिनिटांची घंटा झाल्यावरच थांबलो. अगदी घरच्यासारखे वाटले.

मग त्यांनी टी.व्ही. लावला.

आपण स्वतःला आरशात रोज बघतो, पण आरशात आपण शिकवत नसतो. पडद्यावर एक इसम दिसत होता. तो वर्गाकडे न बघता खिडकीकडे बघत होता, आणि तिथे कडुनिंबसुद्धा नव्हता! दर दोन वाक्यांनी तो "म्हणजे काय, की" म्हणत होता. मध्येच त्याने विचारले, "समजलं ना?" आणि त्याच श्वासात म्हणाला, "समजलं. तर पुढे..." असे त्याने सहा मिनिटांत पाच वेळा केले.

दिवे लागल्यावर आमचे रसायनवाले उभे राहिले. मला वाटले, ठेच्याला जागतील. ते म्हणाले, "सर, तुम्ही प्रश्न पाच विचारले. पण उत्तराची वाट एकदाही पाह्यली नाही. अन्‌ खरं सांगू का? मला समजलं नव्हतं."

त्या तासाला एक बाई मार्गदर्शक होत्या, मोजके बोलणाऱ्या. त्यांनी अमेरिकेतल्या मेरी बड रो यांच्या अभ्यासाचे सांगितले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतो, मग दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. तो तीन सेकंद थांबला, तर मुले जास्त बोलतात, मोठी उत्तरे देतात आणि एरवी गप्प राहणारीही तोंड उघडतात. "फक्त तीन सेकंद, सर," बाई म्हणाल्या. माझा हिशेबी स्वभाव. मी मनातल्या मनात सात वर्षांच्या तासांचा गुणाकार करू लागलो आणि तो अर्ध्यावर सोडून दिला.

चार आठवड्यांनी ग्रुप फोटो झाला, समारोपाची भाषणे झाली आणि प्रमाणपत्र मिळाले. त्यावर माझी श्रेणी 'ब' होती, तीही काठावरची. आई म्हणाली, "तरी सांगितलं होतं, पेपर वाचून बघ."

डिसेंबरात परत वर्गात उभा राहिलो. ही प्रथम वर्षाची पोरे जुलैपासून माझ्याकडून सीमान्त उपयोगिता ऐकत होती. उजळणी केली आणि विचारले, "समजलं ना?" पुढचे वाक्य दातांपर्यंत आले होते, ते गिळले आणि थांबलो.

तीन सेकंद काय असतात, हे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या सेकंदाला पोरांना वाटले, सर विसरले. दुसऱ्याला पंख्याचा आवाज ऐकू आला. तिसऱ्याला मलाच घाम फुटला. मी मनात पाचपर्यंत गेलो होतो, तेव्हा शेवटच्या बाकावरून एक हात अर्धा वर आला. मला त्या पोराचे नाव माहीत नव्हते. रोल नंबर तेवढा पाठ होता.

"सर, सीमान्त म्हंजे शिवंवरचं ना?"

वर्ग हसला. मीही हसणार होतो.

"न्हाई, आमच्या आण्णांच्या सोसायटीच्या कागदावर 'सीमान्त शेतकरी' असं लिवलंय. पर आमचं रान गावाला लागूनच हाय, शिवंवर न्हाई. आण्णा म्हणत्यात, तलाठ्यानं चुकीचं लिवलं."

वर्ग हसायचा थांबला. तिथे अर्ध्याहून अधिक पोरांच्या घरी तसाच कागद असणार.

"किती जमीन आहे?"

"पावणेदोन एकर."

मी खडू खाली ठेवला. सीमान्त म्हणजे काठावरचा, हे सात वर्षांत प्रथमच सांगितले. पोट भरत आले असताना पानात पडलेली भाकरी ही काठावरची भाकरी. तिच्यामुळे किती भर पडली, ते बघायचे. आणि शेतकरी काठावरचा केव्हा? सरकारी हिशेबाने एक हेक्टरपर्यंत, म्हणजे अडीच एकरांपर्यंत जमीन असली की. ती इतकी थोडी, की एखादा पाऊस चुकला तर...

"काठावर पास झाल्यावानी," तो म्हणाला.

"अगदी तसंच."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग आण्णांना सांगतो, तलाठ्याचं चुकलं न्हाई म्हणून."

तो खाली बसला. पुढे त्या दिवशी मी काय शिकवले ते आठवत नाही. त्या उन्हाळ्यात मात्र गच्चीवर फक्त कुरडया होत्या.

आता मला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. त्या स्टाफ कॉलेजांचे 2015 साली 'मानव संसाधन विकास केंद्र' असे नाव झाले, मग 2023 साली मालवीयजींचे नाव आले. आमची सूनबाईही प्राध्यापक आहे. 2020 च्या टाळेबंदीत तिचा वर्ग लॅपटॉपवर स्वयंपाकघरात भरे. आवाज बंद, चेहरा बंद, फक्त नाव हजर. "बाबा, जरा समोर बसा. नाव पुकारलं तर हाक मारा, माझी पोळी तव्यावर आहे," असे सांगून ती वळे. मी बसे. इतिहासाच्या त्या गृहस्थांची मला आठवण येई. पडद्यावर कोणीतरी एकतर्फी संवादाचे महत्त्व सांगत असे.

एकदा तिने विचारले, "बाबा, खरं सांगा, तुम्हाला त्या चार आठवड्यांत काय मिळालं हो?"

"ब श्रेणी," मी म्हणालो, "एक प्लास्टिकची फाईल आणि तीन सेकंद."

"म्हणजे?" तिने विचारले, आणि माझ्या उत्तराची वाट बघत खरोखरच थांबली.

तेवढ्यात पोळी करपली.