फोटोच्या कडेची आत्या

आमच्या घरात मोठ्या आत्याचा एकच फोटो आहे. आईबाबांच्या लग्नातला, १९८४ सालचा, ब्लॅक अँड व्हाइट. नवरानवरी मधोमध, दोन्ही बाजूंना पाहुणे आणि उजवीकडे अगदी शेवटी आत्या. मुंडावळ्यांचे मणी मोजता येतील इतका फोटो मध्यभागी स्वच्छ आहे. आत्याचा चेहरा मात्र कुणीतरी ओल्या बोटानं पुसल्यासारखा दिसतो. माझ्या जन्माआधीच ती गेली, त्यामुळे माझ्यासाठी आत्या म्हणजे तेवढाच धूसर चेहरा.

हा फोटो काकांनी काढला. सांगलीत त्यांचा छोटा स्टुडिओ होता. झेनिट-ई हा रशियन कॅमेरा आणि त्यावर हेलिओस ४४-२ ही ५८ मिलिमीटरची लेन्स. स्टुडिओ कधीच बंद झाला, कॅमेऱ्याचं शटर अडकलं. लेन्स मात्र काकूंनी लोकरीच्या टोपीत गुंडाळून कपाटात जपली होती. दोन वर्षांपूर्वी काकांनी ती मला दिली आणि मी हरखले. कारण या लेन्सचे जगभर भक्त आहेत. तिच्या फोटोत मागची झाडं-पानं माणसाभोवती भोवऱ्यासारखी फिरताना दिसतात. लोक त्यासाठी ती शोधून शोधून विकत घेतात.

मी अ‍ॅडाप्टर आणला आणि लेन्स माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवली. ऑटोफोकस नाही. रिंग हातानं फिरवायची, डोळा स्पष्ट दिसला की थांबायचं. पहिल्या दिवशी दहातले आठ फोटो हुकले. उरलेले दोन बघून मात्र वाटलं, हे माझ्या नव्या लेन्सला कधीच जमलं नाही.

मग म्हटलं, नीट तपासू. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं, ट्रायपॉड लावला आणि हेलिओस व माझी नवी ५० मिलिमीटरची लेन्स समोरासमोर आणल्या. एफ/२ वर हेलिओसच्या मध्यभागी बातमी वाचता येत होती, कोपऱ्यातल्या छोट्या जाहिरातींची नुसती राख झाली होती. नव्या लेन्सनं कोपऱ्यातला फोन नंबरही वाचून दाखवला. एफ/८ वर दोघींमधला फरक शोधावा लागत होता.

म्हणजे भोवरा हा गुण नव्हेच. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर कडेनं तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या नळीत थोडा कापला जातो. त्यामुळे मागचे उजेडाचे ठिपके मध्यभागी गोल आणि कडेला बदामासारखे होतात. हे बदाम मध्याभोवती वळसा घालून बसले की पानं फिरल्याचा भास होतो. उन्हाकडे तोंड केल्यावर येणाऱ्या दुधाळ पडद्याचंही तसंच. काच हवेला भिडते त्या प्रत्येक पृष्ठभागावरून, लेप नसेल तर, सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हेलिओसमध्ये सहा भिंगं चार गटांत आहेत, म्हणजे असे आठ पृष्ठभाग. लेप आहे, पण एकेरी. नव्या लेन्सवर लेपाचे अनेक थर असतात. शिवाय त्यांतल्या काही भिंगांची वक्रता कडेकडे मुद्दाम बदलत नेलेली असते, म्हणजे तिथून येणारे किरणही जागेवर पोचतात. हेलिओस बेतलीय झाईसच्या बायोटारवर, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या रचनेवर. तेव्हाच्या माणसांनी कागदावर गणितं करून जेवढं साधलं, तेवढं साधलं.

काकांना भोवऱ्याचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला.

"अगं, हा दोष आहे. यावरून गिऱ्हाइकं पैसे कापायची. तुझी नवी लेन्स तेव्हा मिळाली असती, तर मी ही त्याच दिवशी विकली असती."

मग मी आत्याचा फोटो काढला. ते बराच वेळ बघत राहिले.

"संध्याकाळ झाली होती. फ्लॅशची बॅटरी संपली. झेनिटला १/३० च्या खाली शटर नाही, मग बी. हातात धरून बी वापरलं तर सगळेच हलणार. मग लेन्स पूर्ण उघडली आणि फोकस नवरीवर ठेवला." थोडं थांबून म्हणाले, "ताई कडेला आहे हे मला दिसत होतं. मध्ये ये म्हणायला हवं होतं. पण ती यायची नाही."

आत्या विधवा होती. लग्नाच्या फोटोत तिनं स्वतःच कडेची जागा घेतली होती.

काकांनी निगेटिव्ह शोधून दिली. मी स्कॅन केली, पण धूसरपणा तिथेही तितकाच होता. शेवटी फोनवरच्या एका अ‍ॅपला फोटो दिला. दहा सेकंदांत आत्याला पापण्या आल्या, ओठांना कडा आल्या. चेहरा लख्ख. मी धावत बाबांकडे नेला.

बाबांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, "ही कोण?"

मी तो फोटो डिलीट केला. लेन्सनं जे टिपलंच नव्हतं, ते अ‍ॅपनं दुसऱ्याच कुणाच्या तरी चेहऱ्यांवरून भरलं होतं. जुन्या लेन्सनं आत्या पुसट केली होती, पण ती आत्याच होती.

हेलिओस मी अजून वापरते. एकटं माणूस, मागं झाड, संध्याकाळचं ऊन असेल तर मला तीच हवी असते. रिंग फिरवताना समोरच्याकडे जितकं बघणं होतं, तितकं एरवी होत नाही. पण जुन्या लेन्सना 'आत्मा' असतो, असं आता माझ्या तोंडून निघत नाही. त्या आत्म्याची किंमत कडेला उभ्या असलेल्यांनी मोजलेली असते.

मागच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात ग्रुप फोटो मी काढला. नवी लेन्स, एफ/८, दोन फ्लॅश. काढून झाल्यावर सगळे म्हणाले, "बघू बघू." मी आधी उजव्या कोपऱ्यात झूम केलं. तिथे भावाची मावशी उभी होती, तोंड पदराआड लपवून हसत होती. पदराची वीण दिसत होती.

मग मी मध्यभागी गेले.