सीलबंद पिशवीतले तण



बियाण्याची पिशवी घरी आली की आपण आधी शिलाई पाहतो, लेबल वाचतो, मग मूठभर दाणे सुपात घेऊन निरखतो. हीच रीत कॉम्प्युटरलाही लावावी, असे मला वाटते.

कॉम्प्युटरचा विषाणू म्हणजे खरा किडा नव्हे. कुणीतरी लिहिलेल्या त्या आज्ञा असतात. स्वतःची नक्कल करीत त्या एका यंत्रातून दुसऱ्यात जातात. कुणी म्हणेल, आम्ही तर पाकीटबंद माल घेतो, आम्हाला कसली भीती? पण पायाभूत बियाण्यातच भेसळ असली, तर त्यापासून भरलेली प्रत्येक पिशवी भेसळीचीच निघणार.

१९८८ साली अमेरिकेत तसेच झाले. कॅनडातल्या माँट्रियलहून एका खेळाच्या फ्लॉपीवर विषाणू आला. तो एका जाणकाराच्या यंत्रात शिरला आणि तिथून अल्डस कंपनीला दिलेल्या शिकवणीच्या फ्लॉपीत गेला. कंपनीने तिच्या हजारो नकला काढल्या, सील केल्या आणि विकल्या. त्या विषाणूने शांततेचा संदेश तेवढा दाखवला. १९९९ च्या मार्चमध्ये मात्र आयबीएमचे काही हजार नवे कोरे संगणक 'सीआयएच' विषाणू पोटात घेऊनच गिऱ्हाइकांकडे गेले. तो २६ एप्रिलला जागा होई आणि साठवलेली माहिती पुसून टाकी. दोन्ही वेळा कंपनीने मुद्दाम काही केले नव्हते. तपासणीत नजर चुकली, एवढेच.

आपला देशही यात मागे नाही. १९९० मध्ये भारतात 'जोशी' नावाचा विषाणू सापडला. ५ जानेवारीला यंत्र अडून बसे आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे लिहिल्यावाचून पुढे हलत नसे!

आमच्या वळसंगच्या बचत गटाला मात्र हसण्यासारखा अनुभव आला नाही. हिशेबासाठी नवा, पाकिटातला पेनड्राइव्ह आणला. तो लावला आणि दोन दिवसांनी फाइली उघडेनात. कुणी किती भरले, कुणाचे किती फिटले, सगळे अडकले. तुरीची रास व्हायची होती, हातात पैसा नव्हता, आणि बायका एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या. माझ्या सुनेने हट्टाने चालू ठेवलेली हातची वही होती, म्हणून निभावले. तीन रात्री बसून आम्ही पै न् पै जुळवली.

तेव्हा मुलांना, सुनांना एवढे सांगा. नवी वस्तू असली तरी ती विषाणू-तपासणी करूनच उघडावी. हिशेबाची एक प्रत यंत्रापासून काढून वेगळी ठेवावी. आणि वहीला म्हातारी म्हणून अडगळीत टाकू नये.

पैसा बुडाला तर पुन्हा मिळवता येतो. शेजारणीचा विश्वास बुडाला, तर तो कोणत्या दुकानातून आणणार?