गप्प टॅपेट

"मामा, टॅपेटचा आवाज पार गेला बघा. गाडी कशी शिलाई मशीनसारखी चालतीय!" शाळेतले एक सर मोठ्या समाधानानं सांगत होते. त्यांची मारुती ८०० एलपीजीवर चालायची आणि दुसऱ्या एका गॅरेजात त्यांनी नुकतेच टॅपेट सेट करून घेतले होते. मी बॉनेट उघडून कान दिला. खरंच, आवाज अजिबात नव्हता. मला तेच खटकलं. "सर, एकदा सकाळी थंड गाडी घेऊन या, फट मोजू," असं मी म्हटलं, पण ते राहून गेलं. दीड महिन्यानं गाडी दोरी लावून ओढत आणली. सकाळी स्टार्ट होत नव्हती आणि चढाला दम उरला नव्हता. हेड उतरवलं, तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी जळून तिचा टवका उडालेला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं उघडण्यात माझी उमर गेली. एवढ्या वर्षांत जळालेले व्हॉल्व्ह पुष्कळ पाहिले, आणि त्यातले बहुतेक गप्प टॅपेटखालचे होते. म्हणून सांगतो, टॅपेटचा निर्णय कानावर सोडू नका.

टॅपेटची फट म्हणजे रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात मुद्दाम ठेवलेली जागा. ८०० च्या जुन्या सहा व्हॉल्व्हच्या इंजिनात ती थंड असताना ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढी. फट वाढली की टकटक ऐकू येते, पार्ट झिजतात, ओढ थोडी कमी होते. पण गाडी तक्रार करून सांगते तरी. फट संपली की व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालबुंद होण्याइतका तापतो आणि ती उष्णता बाहेर टाकायची त्याची मुख्य वाट म्हणजे सीट. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. मिटलेल्या त्या क्षणभरातच त्याला निवायचं असतं. तेवढं टेकणं हुकलं की धगधगता गॅस व्हॉल्व्ह आणि सीटच्या मधून निसटतो आणि कड जाळत जातो. हे सगळं आवाज न करता घडतं.

गॅसवरच्या गाडीत आणखी एक गोष्ट होते. सीएनजी-एलपीजीचं जळण कोरडं असतं. मऊ सीट हळूहळू खाल्ली जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये रुततो, त्याची दांडी वर सरकते आणि फट आपोआप मिटत जाते. पेट्रोलवर असेल तर मी २०,००० किलोमीटरला फट तपासतो. गॅसवर असेल तर १०,००० ला. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत याहून लवकर सांगितलं असेल तर पुस्तिका खरी.

आता हे काम स्वतः करावं का? आधी तुमच्या इंजिनात काय आहे ते बघा. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ऑइलच्या दाबानं फट आपोआप जुळते. तिथं वेळेवर ऑइल बदलणं हेच तुमचं काम. कॅम थेट बकेटवर दाबणारं इंजिन असेल तर फट घरी मोजा, पण बदलायला गॅरेजला द्या. तिथं वेगळ्या जाडीची चकती किंवा बकेट घालावी लागते आणि त्यासाठी बहुधा कॅमशाफ्ट उतरवावा लागतो. रॉकरवर स्क्रू आणि चेकनट असेल तर मात्र जरूर शिका. फिलर गेज, रिंग पाना, प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग, इतकंच सामान लागतं.

गाडी रात्रभर उभी ठेवा. गरम इंजिनाचं माप वेगळं असतं, अर्धवट गरमला तर मापच नाही. प्लग काढा म्हणजे इंजिन हातानं फिरेल. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. दोन्ही रॉकर बोटानं किंचित हलले पाहिजेत. मग ८०० च्या १-३-२ क्रमानं क्रँक दर वेळी २४० अंश, नेहमीच्याच दिशेनं फिरवा. गेजची पट्टी ओढताना वहीच्या मिटलेल्या पानांतून कागद ओढल्यासारखी धरली पाहिजे. ०.१३ ची पट्टी सहज जावी आणि ०.१८ ची अडावी. चेकनट आवळताना स्क्रू जरासा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. नव्या हाताची चूक इथंच होते, आणि ती पकडायला एक मिनिट पुरतं. तरीही सगळी मापं बरोबर असून इंजिन लंगडत असेल तर स्क्रूला हात लावू नका. कॉम्प्रेशन तपासून घ्या.

सरांच्या हेडचं काम झालं तेव्हा त्यांची डिप्लोमाला असलेली मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. "काका, मी करू?" म्हणाली. सहाही टॅपेट तिनंच लावले. मी फक्त तपासले. नंतर तिनं वहीत सहा रकाने आखले आणि तारीख, किलोमीटर, मापं लिहिली.

या वर्षी दिवाळीच्या सफाईत तिनं पुन्हा कव्हर उघडलं. गाडी मस्त चालत होती, आवाजही नेहमीचाच होता. पण वहीत तिसऱ्या एक्झॉस्टपुढं गेल्या खेपेला ०.१५ होतं आणि आता ०.१३ ची पट्टी अडत होती. तिनं फोन केला, "काका, तीन नंबर मिटायला लागलाय." फट तिनं तिथल्या तिथं मोकळी केली. आता तेवढा एक व्हॉल्व्ह ती ५,००० किलोमीटरलाच बघणार आहे. माप तिनं ठेवलंय, तेव्हा वेळही तिलाच कळते.